शाळेचें मुद्दल आणि शाळेचें व्याज

मुलास निवासी शाळेंत घालावयाचें ठरलें, कीं घरांतील वडील मंडळी प्रथम फीचा आंकडा विचारतात. तो विचारलाच पाहिजे. परंतु ह्या वेळीं वाचकांपुढें आम्ही निराळाच प्रश्न ठेवूं इच्छितों. फीचा पैसा आणि दानशूरांनीं दिलेलें धन शाळा कोणत्या खातीं घालते?

उदाहरणार्थ, अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत १७८१ सालीं स्थापन झालेली फिलिप्स एक्झिटर अकॅडेमी घेऊं. विद्यार्थी सुमारें अकराशें. कायम निधि मात्र एक अब्ज डॉलरांहून अधिक! मग ही शाळा फी घेते तरी कशाला, असें कोणासही वाटेल. पण कायम निधि म्हणजे तिजोरींतील रोकड नव्हे. ज्या घरचा कर्ता शहाणा, तेथें शेताचें उत्पन्न खातात, शेत खात नाहींत. अशा संस्थाही निधीच्या गेल्या कांहीं वर्षांतील सरासरी किंमतीच्या साधारणतः शेंकडा चार ते पांच एवढीच रक्कम दरसाल खर्चितात. सरासरी अशासाठीं कीं, २००८ सारखें पडत्या बाजाराचें वर्ष आलें तरी पगारांस एकदम कात्री लागूं नये. एक अब्जावर शेंकडा साडेचार धरले तर साडेचार कोटी डॉलर, म्हणजे मुलामागें सुमारें चाळीस हजार होतात. रक्कम लहान नव्हे. परंतु शिक्षकांचे पगार, भोजन, इमारतींची डागडुजी आणि शिष्यवृत्त्या एवढीं तोंडें भरावयाचीं असल्यानें फीवांचून भागत नाहीं.

शिवाय ह्या धनाचा बराच भाग दात्यांच्या अटींनीं बांधलेला असतो. १९३० सालीं एडवर्ड हार्कनेस ह्या गृहस्थांनीं ह्याच शाळेस ५८ लाख डॉलर दिले, ते बाराएक मुलांनीं शिक्षकासह एका मेजाभोवतीं बसून चर्चेनें शिकावें म्हणून. हेतु उत्तम, पण लहान वर्ग म्हणजे अधिक शिक्षक, आणि अधिक शिक्षक म्हणजे कायमचा अधिक खर्च. पुढें २००७ सालीं शाळेनें जाहीर केलें कीं, ७५ हजार डॉलर वा त्याहून कमी उत्पन्नाच्या घरांतील प्रवेश मिळालेल्या मुलांस शिक्षण विनामूल्य. हेंही निधीच्याच बळावर.

येथेंच खरा पेंच आहे. आज माफी सढळ हातानें द्यावी, तर पन्नास वर्षांनीं येणाऱ्या मुलांचा वाटा झिजतो. मुद्दलच राखीत बसावें, तर दारांत उभा असलेला हुशार मुलगा परत जातो, आणि त्याचें वय कांहीं थांबत नाहीं. आमच्या मतें मुद्दल राखावें तें त्या मुलासाठींच. केवळ निधीचा आंकडा फुगावा म्हणून नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण वाडवडिलांच्या स्मरणार्थ शाळांस देणग्या देतात. त्यांस आमची एवढीच विनंती : दालनावर नांवाची शिळा बसविण्यापूर्वीं त्या दालनाच्या झाडलोटीचा व दुरुस्तीचा खर्च कोण देणार, हें विचारावें. अटी थोड्या घालाव्या, आणि दरसालचा हिशेब मात्र आग्रहानें मागावा. हिशेब मागणें हा अविश्वास नव्हे. तो दानाचाच उत्तरार्ध होय.