फोन आणि भेट

तुमच्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा गावी राहत असतील. तुम्ही त्यांना शेवटचे कधी भेटलात?

माझे अम्मी-अब्बा रत्नागिरी जिल्ह्यात, खेडजवळच्या एका गावात राहतात. मी दर शुक्रवारी फोन करीत असे. "आम्ही खुशाल आहोत," असे अब्बा म्हणत आणि माझे समाधान होई. असे चार महिने गेले. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी पनवेलहून एस.टी.ने निघालो. पोलादपूरच्या पुढे पूर्वी कशेडीचा अवघड घाट चढावा लागे. आता तेथे बोगदा झाला आहे. वाट सोपी झाली, पण माझ्या सबबी कमी झाल्या नव्हत्या!

सकाळी अब्बांनी गोळ्यांचे पाकीट हातात घेतले आणि शेजारच्या मुलाला विचारले, "बेटा, यातली सकाळची गोळी कोणती?" मी चकित झालो. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मला काळजी नको, म्हणून ते बोलले नव्हते. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. पण आधी तो कोणाला तरी दिसायला हवा ना?

प्रवासाला वेळ आणि पैसा लागतो, हे खरे आहे. राज्यात ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. म्हणून काय, थकलेल्या माणसांनीच आपल्याकडे यावे?

मला वाटते, फोनवर आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. फोन जरूर करा. पण महिन्यातून एक रविवार घरच्यांबरोबर गावी जा. आजी-आजोबा न सांगतील, ते तुमचे डोळे पाहतील.