मागील पानावरून पुढे

संगणक सुरू केल्यावर ब्राउझरने काय उघडावे, या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक चिरंजीवांचा, दुसरा माझा. सौ. तटस्थ, म्हणजे चिरंजीवांच्या बाजूने.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'ऑन स्टार्टअप' या नावाखाली तीन पर्याय असतात. नवीन टॅबचे पान उघडा, काल जिथे सोडले तिथूनच पुढे चला, किंवा तुम्ही ठरवून दिलेलीच पाने उघडा. चिरंजीवांनी मला न विचारता दुसरा निवडला. "बाबा, सोय आहे! काही हरवत नाही."

नेमके हेच माझे दुखणे. काही म्हणजे काही हरवत नाही!

सकाळी चहाचा कप घेऊन बसावे, तर सत्तावीस टॅब वसुलीला आल्यासारखे दारात उभे. दिवाळीच्या गाड्यांचे वेळापत्रक, दिवाळी होऊन गेलेली. मिक्सरच्या भांड्याची किंमत, भांडे केव्हाच घरात आलेले. मिसळीची कृती तर चार महिने उघडी आहे, आणि मिसळ आम्ही कोपऱ्यावरूनच आणतो.

मी बँकेत कारकून आहे, शिवाय बी. कॉम. खतावणीचे पान भरले की 'मागील पानावरून पुढे' असे आम्हीही लिहायला शिकलो. पण पुढे न्यायची ती बेरीज! सगळ्या नोंदी पुन्हा उतरवत बसलो असतो, तर 1969 साली राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांत अजून 1968 चेच पान चालू असते.

बरे, या सोयीत एक गोम आहे. ब्राउझर बंद केला म्हणजे साइटवरून बाहेर पडलो, असे आपण समजतो. या पर्यायात कालचे लॉग-इनही पुष्कळदा तसेच राहते. गल्ला उघडा टाकून घरी जाणाऱ्या कॅशियरला आमच्याकडे मेमो मिळतो. इथे त्याला सोय म्हणतात.

पण माझा खरा राग निराळाच. डावीकडून चौथा टॅब आईच्या मोतीबिंदूचा होता. कुठले इस्पितळ, किती खर्च, कोणते भिंग. आठ महिने तो रोज सकाळी आपोआप उघडत होता. आई विचारायची, "बघितलंस का रे?" मी म्हणायचो, "बघतोय ना, उघडंच आहे!" आणि ते खोटेही नव्हते. तेवढ्या काळात आई तांदूळ निवडायचे ताट आधी खिडकीपाशी घेऊन बसू लागली, मग गॅलरीत. एका रविवारी भातातला खडा माझ्याच दाताखाली आला.

त्याच दुपारी मी तिसरा पर्याय निवडला. आता दोनच पाने उघडतात, मेल आणि बातम्या. संध्याकाळी आईला घेऊन इस्पितळात गेलो.

उजवा डोळा गेल्या महिन्यात झाला. डाव्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे. परवा चिरंजीवांनी कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबून आपले आदल्या दिवशीचे सगळे टॅब परत आणले. आई मागेच उभी होती. म्हणाली, "अगंबाई, केवढी बारीक चित्रं ती रांगेनं! आणि एवढं सगळं बघतं कोण रे?"