रोग रेड्याला, औषध पखालीला

– बी. ए. द्वितीय वर्ष

पखाल म्हणजे पाणी वाहण्याची कातडी पिशवी. पूर्वी ती रेड्याच्या पाठीवर घालून पाणी आणीत. एकदा रेडा आजारी पडला आणि वैद्याने औषध लावले पखालीला, अशी ही म्हण. आजीच्या तोंडून ती ऐकताना मला हसू यायचे. असा वैद्य कुठे असतो काय, असे वाटायचे. गेल्या पावसाळ्यात तो वैद्य आमच्या गाडीला भेटला. त्याच्या अंगावर कंपनीचा स्वच्छ गणवेश होता आणि हातात संगणक होता.

भूम तालुक्याचा खवा प्रसिद्ध आहे, हे वाचकांना सांगावयास नको. तो पहाटे निघावा लागतो. गाडी तासभर अडली की खव्याचा वास बदलतो आणि व्यापाऱ्याचा भावही बदलतो. आमचे दादा, म्हणजे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी कर्ज काढून एक जुनी पिकअप गाडी घेतली आणि खव्याच्या फेऱ्या सुरू केल्या. रविवारी दुसऱ्या गाडीची पाळी असे. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली आमची गाडी सोमवारी पहाटे निघायची, आणि नेमकी त्याच पहाटे ती निघेना. चावी फिरवली की सेल्फ 'टक्' असा आवाज करून गप्प. मग शेजारीपाजारी उठवून धक्का मारावयाचा.

शहरातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात आम्ही गाडी नेली. सोबत मीही होतो, कारण घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. तिथल्या माणसाने संगणक जोडला, "फॉल्ट काही दाखवत नाही, बॅटरी गेलीय" असे म्हणून जॉब कार्ड पुढे केले. दादांनी सही केली. बॅटरीचे साडेसहा हजार झाले. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा 'टक्'. पुन्हा सेंटर, पुन्हा संगणक. या वेळी "अल्टरनेटर कमी चार्ज करतोय" म्हणून तोही बदलला. त्याचे नऊ हजार. त्यानंतरच्या सोमवारी पहाटे गाडी जागची हलली नाही.

शेवटी एस. टी. स्टँडजवळच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी बॉनेट उघडले नाही. त्याने विचारले, "भाऊ, गाडी रोज अशी करती, का एक दिवस उभी राहिली की करती?" दादा म्हणाले, "सोमवारीच." मिस्त्री म्हणाला, "मग बॅटरी खराब नाही. तिला कोणीतरी रात्री पितंय."

पुढे त्याने जे केले ते मी वहीत उतरवून घेतले आहे. मिटर लावून त्याने इंजिन सुरू असताना बॅटरीचा दाब पाहिला, तो १४ व्होल्टच्या वर होता. म्हणजे चार्जिंग ठीक. मग गाडी बंद केली, बॅटरीची ऋण वायर काढली, ती वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये मिटर जोडला आणि अर्धा तास बिडी ओढत बसला. गाडी बंद केल्यावर तिच्यातली यंत्रे झोपी जायला वेळ लागतो, असे त्याने सांगितले. झोपलेल्या गाडीला घड्याळ, कुलूप वगैरेंसाठी साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी वीज लागावी. आमच्या गाडीत १.२ अँपिअर चालली होती. त्याने एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना. मग त्याने बॅटरीपासून निघणारी प्रत्येक वायर बोटाने चाचपत नेली आणि सीटखाली सापडला एक अ‍ॅम्प्लिफायर. आधीच्या मालकाने गाण्यांच्या हौसेने बसवलेला, आणि त्याची वायर चावीतून न घेता थेट बॅटरीवरून ओढलेली. गाणी बंद असली तरी तो जागाच.

हिशेब मी केला. १.२ अँपिअर म्हणजे ३६ तासांत सुमारे ४३ अँपिअर-तास. आमची बॅटरी ६० ची. कितीही नवी बॅटरी आणली तरी सोमवारी तिच्यात इंजिन फिरवण्याइतका जीव उरणार नव्हता. मिस्त्रीने वायर चावीतून घेतली आणि दीडशे रुपये मागितले.

आता कोणी म्हणेल, संगणकाला हे का दिसले नाही? कारण संगणक तेवढेच सांगतो जेवढे सांगण्यासाठी कंपनीने त्याला वायरी जोडून दिल्या आहेत. बाहेरून जोडलेली वायर त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. दोष संगणकाचा नव्हे. 'फॉल्ट दाखवत नाही' याचा अर्थ 'फॉल्ट नाही' असा करणाऱ्या माणसाचा आहे.

मिस्त्री सगळे शहाणे आणि सेंटरवाले सगळे लबाड, असे मला म्हणावयाचे नाही. चांगली बॅटरी भंगारात घालायला लावणारे मिस्त्रीही आहेत. परंतु लहान गॅरेजवाल्याला पुढे जाऊ न देण्याची व्यवस्था वरून झालेली आहे, हे मात्र खरे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळत नाहीत, हे त्या आदेशाचे एक मुख्य कारण होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण दोष शोधण्याची साधने एकाच्याच हाती राहिली तर गिऱ्हाइकाचे काय होते, ते आमच्या अंगणात दिसले.

तथापि या लेखाचे खरे कारण वेगळेच आहे. सगळे मिटल्यावर मी ते पहिले जॉब कार्ड काढून वाचले. त्यावर 'ग्राहकाची तक्रार' असा रकाना होता. 'एक दिवस उभी राहिल्यावर गाडी सुरू होत नाही' असे तिथे लिहिलेले असावयास हवे होते. लिहिले होते, 'बॅटरी बदलणे'. जणू आम्हीच बॅटरी मागावयास गेलो होतो! खाली दादांची सही. आणि शेजारी मी उभा होतो, इंग्रजी वाचता येणारा. काचेच्या त्या खोलीत, थंड हवेत, मागे लोकांची रांग असताना 'थांबा, मला वाचू द्या' म्हणण्याची मला लाज वाटली. साडेपंधरा हजारांतले निम्मे तरी माझ्या लाजेचे आहेत.

ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणे ही त्या कायद्याने सेवेतील त्रुटी आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी दादांना हे सांगितले. ते म्हणाले, "अरे, धाराशिवला एक तारीख म्हणजे एक फेरी बुडाली. आणि सही तर माझीच हाय." त्यांच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सही केल्यानंतरचा कायदा लांबचा असतो. सही करण्यापूर्वीचा प्रश्न जवळचा.

म्हणून माझे मागणे साधे आहे. जॉब कार्डावर दुखणे लिहावे, औषध लिहू नये. ते गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहावे. कोणताही भाग बदलण्यापूर्वी मिटरवरचा आकडा दाखवावा आणि कागदावर टिपून द्यावा. काढलेला भाग परत दाखवावा.

आणि मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर आहे, जीप आहे, निदान मोटारसायकल आहे. घरातले पहिले कॉलेजात गेलेलेही आपणच आहोत. वडिलांच्या सहीआधी तो कागद आपण वाचला पाहिजे. मागे रांग असली तरी.