थकवा लपवणारा डबा

पहाटे पाचला अल्लीपूरच्या रस्त्यावर उभे राहिले, तर अंधारात पळणारी मुले दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी सैन्याची. पोलीस भरतीत १६०० मीटर धावायचे असते आणि काही सेकंदांच्या फरकाने गुण जातात. त्या सेकंदांसाठी ही मुले वर्षभर घाम गाळतात. घर दोन-चार एकर कापूस-सोयाबीनवर चालत असेल, तर त्या सेकंदांवर सगळ्या घराचे लक्ष असते. नेमक्या याच ठिकाणी ‘प्री-वर्कआउट’ पावडरीचा डबा त्यांना गाठतो. तो घ्यायला आता शहरात जावे लागत नाही. मोबाइलवर मागवला की घरपोच येतो.

आधी एक घोळ मिटवू. प्रथिनांची पावडर वेगळी आणि प्री-वर्कआउट वेगळी. पहिली हा आहाराचा भाग आहे. दुसरीत मुख्य काम करते ते उत्तेजक द्रव्य, बहुतेक वेळा कॅफिन. घरच्या मंडळींना मात्र दोन्ही डबे सारखेच दिसतात. पोरगा ‘ताकदीची पावडर’ घेतो, एवढेच त्यांना ठाऊक असते.

कॅफिन ताकद देत नाही. दिवसभर मेंदू काम करतो तसतसे त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि ते ‘आता थांब’ असा निरोप देते. कॅफिन त्या निरोपाची वाट अडवते. दमणूक तेवढीच असते, फक्त ती कळत नाही. योग्य मात्रेत यामुळे कामगिरी थोडी सुधारते, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न मात्रेचा आहे. निरोगी प्रौढाने एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितले. कित्येक पावडरींच्या एकाच चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते. त्यावर दिवसभराचा चहा आणि वर एनर्जी ड्रिंक घेतले, की हिशेब कुठल्या कुठे जातो.

याहून वाईट म्हणजे लेबलवर नसलेले किंवा भलत्या नावाने लिहिलेले घटक. डीएमएए हे त्यातले कुप्रसिद्ध नाव. १९४८ मध्ये ते चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध म्हणून अमेरिकेत आले आणि १९८३ मध्ये बाजारातून गेले. पुढे तेच ‘जेरेनियमचा अर्क’ असे साळसूद नाव घेऊन व्यायामाच्या पावडरीत परतले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि रक्तदाब वाढवते. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपल्या काही कुस्तीगीर आणि जलतरणपटूंच्या चाचणीत हेच द्रव्य सापडले होते. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात कोसळून एक तरुण धावपटू दगावली. तिने पाण्यात डीएमएए असलेली पावडर मिसळली होती.

आपल्या राज्यात प्रकरण पावडरीपुढे गेले आहे. मेफेंटरमाइन हे भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी वापरायचे इंजेक्शन. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरीही व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना ते बेकायदा विकणाऱ्यांना पुणे पोलिसांनी गेल्या काही वर्षांत वारंवार पकडले आहे. भरतीच्या मैदानावर उमेदवारांकडे इंजेक्शने सापडल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. ज्या रक्तदाबाला वर ओढायची गरजच नाही, त्याला औषध टोचून वर ओढायचे आणि मग छाती फुटेस्तोवर धावायचे, असा हा प्रकार.

वर्धा जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे, ती उन्हाची. शरीर तापले की रक्त कातडीकडे धावते, घाम येतो आणि उष्णता बाहेर पडते. रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्ये ही वाट अरुंद करतात. त्यातच थकवा कळत नसल्याने माणूस थांबत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेश्लर हा अमेरिकी बेसबॉल खेळाडू फ्लोरिडात सराव करताना उष्माघाताने गेला. तो इफेड्रा हे उत्तेजक असलेल्या गोळ्या घेत होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा पूरकांतून इफेड्रावर बंदी घातली. विदर्भाच्या मे महिन्यापुढे फ्लोरिडातले फेब्रुवारीचे ऊन म्हणजे काहीच नव्हे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. हा विषय केवळ ‘तरुणांची चूक’ म्हणून सोडता येणार नाही. शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेये विकू देणार नाही, असे सरकारने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितले. शाळकरी मुलांचा विचार झाला हे चांगलेच. मग भरतीची अकादमी आणि गावातली व्यायामशाळा का सुटावी? अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या दुकानांतून आणि ऑनलाइन येणाऱ्या डब्यांतूनही नमुने घ्यावेत. अकादमी चालवणाऱ्याने पावडर विकू नये. जो शिकवतो त्यानेच विकली, तर पोरगा नाही म्हणूच शकत नाही.

घरच्यांनीही डबा हातात घेऊन पाहावा. एका चमच्यात कॅफिन किती मिलिग्रॅम, हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो डबा वापरू नये. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी अशा पावडरीपासून दूरच राहावे. धावताना छातीत दुखले, धडधड थांबेना किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठावा आणि सोबत डबा न्यावा. लाजेने लपवलेला डबा डॉक्टरांचा मोलाचा वेळ घालवतो. अल्लीपूरहून सेवाग्राम किंवा सावंगीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला वेळ लागतोच. तो आणखी वाढू देऊ नये.

भाकरी, शेंगदाणे, चणे, दूध, पुरेसे पाणी आणि पुरेशी झोप हा सल्ला जुनाट वाटेल. पण थकवा ही शरीराने दिलेली हाक आहे. भरती पुढच्या वर्षीही निघेल. ती हाक दाबून धावलेला पोरगा घरी परत येईलच, याची हमी कुठल्याही डब्यावर छापलेली नसते.