सहा महिन्यांचा हिशेब

पूर्वी कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या घरी एकच प्रश्न विचारला जाई, तो म्हणजे, "पास होणार ना?" आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे : "किती लवकर होणार?" पदवीचा काळ हा पावसाळ्यासारखा ठरलेला असतो, तो कोणाच्या सोयीसाठी आखूड होत नाही, अशीच आपल्या पिढीची समजूत होती. ती समजूत आता पूर्णपणे खरी राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अशी कार्यपद्धती मान्य केली, की तीन वर्षांची पदवी हुशार विद्यार्थ्यास सहाऐवजी पाच सत्रांत पुरी करता यावी. चार वर्षांच्या पदवीत तर दोन सत्रांपर्यंत सूट मिळू शकते. ज्यांस जड जाते त्यांना, उलट, दोन सत्रांपर्यंत अधिक काळ घेण्याचीही मुभा आहे. या दुसऱ्या सोयीबद्दल कोणी बोलत नाही. पहिलीबद्दल मात्र घरोघरी चर्चा चालू आहे. म्हणून या महिन्यात तोच विषय आम्ही हाती घेत आहोत.

प्रथम नियम नीट समजून घ्यावा, कारण या बाबतीत ऐकीव माहितीवर चालणारे पालक आम्हांस फार भेटतात. ही सोय हवी असल्यास पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीसच अर्ज करावा लागतो. तिसऱ्या वर्षी जाग आलेल्या विद्यार्थ्यास ती मिळत नाही. मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंतच विद्यार्थी या मार्गाने जाऊ शकतात, आणि कोणास जाऊ द्यावयाचे हे संस्थेची समिती त्याची प्रगती पाहून ठरविते. अभ्यासक्रम तोच, एकूण श्रेयांकही तेच. मुले ज्यांना क्रेडिट म्हणतात ते. पदवीची योग्यताही नोकरीसाठी व पुढील शिक्षणासाठी तीच धरली जाते. तात्पर्य, वजा होतो तो केवळ काळ, काम नव्हे. वैद्यक, विधी इत्यादी शाखांचे नियम त्या त्या परिषदांचे असतात. तिकडे हा न्याय लावू नये.

आता गणित मांडू. तीन वर्षांच्या पदवीस साधारणतः १२० श्रेयांक लागतात, म्हणजे सहा सत्रांत दर सत्रास २०. पहिले सत्र नेहमीप्रमाणे काढून मग वेग घ्यावयाचा म्हटले, तर उरलेले १०० श्रेयांक चार सत्रांत, म्हणजे दर सत्रास २५ करावे लागतील. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रातील १५ तास. तेव्हा पाच जादा श्रेयांकांचे ७५ तास झाले. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला पाच तास जास्त वर्गात बसणे आले. घरचा अभ्यास, टिपणे, चाचण्या आणि सिटी बसची वाट पाहणे हे वेगळे. हे अशक्य मुळीच नाही. परंतु सलग दोन वर्षे हा भार वाहावयाचा आहे, आणि वाटेत एखाद्या विषयात एटीकेटी लागली तर वाचविलेले सत्र तेथेच खर्ची पडते, हे विसरू नये.

गेल्या काही महिन्यांत आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीच्या घरी हा प्रश्न उभा राहिला. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात, गुण चांगले. वडील एका खाजगी पेढीत कारकून. ती तिसऱ्या वर्षात असेल तेव्हा डिसेंबरात त्यांची निवृत्ती. धाकटा भाऊ त्याच वर्षी बारावीला. खाजगी नोकरीतील माणसाची पेन्शन किती असते हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे; १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम दरमहा हजार रुपये ठरली तीसुद्धा २०१४ मध्ये. मुलीने मनाशी हिशेब केला : बाबांचा शेवटचा पगार डिसेंबरात, माझा पहिला जानेवारीत; मध्ये एकही महिना कोरडा जाणार नाही. ती पहिल्या सत्राची गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा तिचा अर्ज लिहून तयार होता.

घरात तीन मते होती. आई म्हणाली, "सहा महिने म्हणजे सहा महिन्यांचा किराणा, सर. तो कोण भरणार?" वडील म्हणाले, "माझ्या निवृत्तीसाठी पोरीने धापा टाकत शिकावे, हे मला पटत नाही." आजी मात्र प्रसन्न होत्या, त्यांचा हिशेब निराळा होता. पदवी लवकर, म्हणजे पत्रिका लवकर काढता येतील! मुलीच्या बाबतीत वाचविलेला काळ तिच्या हाती राहीलच असे नसते, ही गोष्ट आजींच्या त्या एका वाक्याने आम्हांस जितकी स्पष्ट दिसली तितकी कोणत्याही नियमावलीत दिसली नसती.

आम्ही त्या घरास जे सुचविले तेच येथे विस्ताराने मांडतो, कारण अशी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट, घरचा जमाखर्च वहीवर मांडावा. भविष्यनिर्वाह निधी किती मिळेल, ग्रॅच्युइटी किती, कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात संपतो, धाकट्याची फी केव्हा भरावयाची, हे सारे मुलांसमोर मांडावे. आपल्याकडे बापाचा पगार मुलांपासून लपविण्याची आणि बापाची काळजी मात्र मुलांच्या मानेवर ठेवण्याची विचित्र रीत आहे. आकडे पाहिल्यावर कित्येकदा असे दिसते, की अडचण सहा महिन्यांची नसून दोन महिन्यांची आहे, आणि ती एखादी ठेव मोडून भागते. कधी उलटही दिसते, की अडचण खरोखरच मोठी आहे. तसे असेल तर मुलाने लवकर पदवी घेऊन कामास लागावे, आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये. घरासाठी घाई करणे हे हौसेसाठी घाई करण्याहून वेगळे आहे.

दुसरी गोष्ट, मिळकतीच्या बरोबरीने जोखीमही मांडावी. समजा पहिला पगार अठरा हजार; सहा महिन्यांचे एक लाख आठ हजार झाले. ही रक्कम लहान नव्हे. परंतु जादा भारामुळे गुण घसरले आणि त्यापायी दरमहा दोन हजारांनी कमी पगाराची नोकरी पत्करावी लागली, तर तीच रक्कम चोपन्न महिन्यांत, म्हणजे साडेचार वर्षांत परत निघून जाते. म्हणून ज्याचे गुण वीस श्रेयांकांतच काठावर आहेत, त्याने पंचविसांचा विचारही करू नये.

तिसरी गोष्ट, पुढच्या दाराची वेळ पाहावी. मागचे दार लवकर बंद करून पुढचे उघडलेच नाही, तर माणूस अंगणात उभा राहतो. पदव्युत्तर वर्ग बहुतेक ठिकाणी जुलैच्या सुमारास सुरू होतात. डिसेंबरात मोकळा झालेला विद्यार्थी तोवर काय करणार? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही पूर्वपरीक्षेस बसता येते. तेव्हा साडेविसाव्या वर्षी पदवी हाती आली म्हणून तेथे काही विशेष साधत नाही. खाजगी कंपन्यांची कॉलेजातील निवड अनेकदा उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या तुकडीसाठी असते. म्हणून "जानेवारीत या, जागा आहे" हे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. रुजू होण्याची तारीख कागदावर असावी, आणि विद्यापीठाचा निकाल व तात्पुरते प्रमाणपत्र त्या तारखेपूर्वी हाती पडते काय, हेही कार्यालयात विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट, शेवटच्या सत्रात असते काय ते पाहावे. काही कॉलेजांत ते सत्र ओस असते. हजेरी लागते आणि मुले उपाहारगृहात दिसतात. तेथे सहा महिने वाचविले तर फारसे बुडत नाही. काही ठिकाणी मात्र त्याच सत्रात प्रकल्प किंवा एखाद्या कार्यालयातील प्रत्यक्ष काम असते, आणि वेग घेतलेल्या विद्यार्थ्यास ते इतर पाच विषयांच्या गर्दीत उरकावे लागते. शिवाय वेळापत्रकात बसेल तोच ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. आपल्या मुलांच्या बाबतीत अशा वेळी पहिला बळी बहुधा मराठीचा पडतो. मातृभाषेचा तो एकच पेपर पदवीत शिल्लक राहिलेला. तोही घड्याळाने काढून घेतला, तर पुढे घरात मराठी उरेल ती स्वयंपाकघरापुरती.

थोरांच्या चरित्रांत डोकावले तर काळाचे हिशेब निरनिराळे दिसतात. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष व्यायामशाळेत घालविले, त्यापायी परीक्षा गेली, आणि बी.ए. झाले ते १८७६ साली. ते वर्ष वाया गेले असे त्यांस कधी वाटले नाही. मंडालेच्या सहा वर्षांस पुरून उरणारे शरीर त्या वर्षाने पाया घालून दिलेले होते. गोखल्यांचे उदाहरण निराळे. वडील गेलेले, थोरला भाऊ पंधरा रुपयांच्या नोकरीतून आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणास पाठवी, असे चरित्रकार सांगतात. धाकट्याने शिक्षण सोडून नोकरी धरण्याची तयारी दाखविली, पण घराने ऐकले नाही. अठराव्या वर्षी, १८८४ साली ते पदवीधर झाले आणि लगोलग शिक्षकाच्या कामास लागले. तेथे वेळ वाचविली ती सत्रे गाळून नव्हे; एकही दिवस न दवडून.

आणि बडोद्याच्या वाचकांस तर तिसरे उदाहरण जवळचे आहे. डॉ. आंबेडकर १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले; त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. पुढे लंडनला अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांस परतावे लागले. परंतु निघताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली होती. मुंबईस प्राध्यापकी करून पैसे साठविले, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली डी.एस्‌सी. झाले. नोकरीसाठी अभ्यास थांबविणे हा शेवट नव्हे. परतीची वाट बंद होऊ देणे हा शेवट होय. आजच्या विद्यार्थ्यास तर ही वाट नियमानेच उपलब्ध आहे. मिळविलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात, मध्येच थांबलेल्यास प्रमाणपत्र वा पदविका मिळते, आणि ठराविक मुदतीत परतून पुढचे शिक्षण घेता येते. मात्र राज्याराज्यांत फरक आहे. आमच्या मध्य प्रदेशात नवे धोरण २०२१ पासून लागू झाले. कर्नाटकानेही त्याच वर्षी चार वर्षांची पदवी आणली, पण २०२४ मध्ये ते पुन्हा तीन वर्षांवर आले. म्हणून बेळगावच्या पालकांनी इंदूरच्या पाहुण्याचे ऐकून निर्णय करू नये. आणि आपल्या विद्यापीठात ही लवकर पदवीची सोय प्रत्यक्ष सुरू झाली आहे काय, हे स्वतः जाऊन विचारावे.

त्या मुलीस आम्ही इतकेच सांगितले, की अर्ज फाडू नकोस आणि आज देऊही नकोस. नियम दुसऱ्या सत्राच्या अखेरपर्यंत वाट पाहू देतो. वाट पाहण्याची किंमत काय? उरलेले ८० श्रेयांक तीन सत्रांत करावे लागतील. दर सत्रास २५ ऐवजी सव्वीस-सत्तावीस. जवळजवळ दोन श्रेयांकांचा भार वाढतो, पण त्याच्या बदल्यात एका सत्राचे शहाणपण पदरी पडते. दुसऱ्या सत्राचे गुणही पहिल्यासारखेच राहिले, वहीतील आकडे खरोखरच तोकडे निघाले, आणि जानेवारीच्या नोकरीचा भरवसा कागदावर आला, तर तिने खुशाल वेग घ्यावा. यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही, तर सहाव्या सत्राची फी वडिलांनी आजच वेगळी काढून ठेवावी. आणि एक अट आम्ही वडीलधाऱ्यांनाही घातली : वाचलेले सहा महिने तिचे. त्यांत तिने नोकरी करावी की आणखी शिकावे, हे ती ठरवील. तो काळ पत्रिका जुळविण्याच्या खात्यात वळता करू नये. आजी जरा रुसल्या. परंतु वडिलांनी ते वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून त्याखाली सही केली, आणि आईने चहा ठेवला.

वाचकहो, घाई ही दोष नव्हे आणि सावकाशपणा हा गुण नव्हे. शिकणाऱ्याची ताकद, घराची गरज आणि पुढच्या कामाची वेळ ही तिन्ही जेथे जुळतात, तेथे लवकर निघावे. जेथे जुळत नाहीत, तेथे थांबावे. मात्र निर्णय शेजारच्या मुलाकडे पाहून करू नये, आणि मुलावर सोपवून आपण मोकळेही होऊ नये. एका संध्याकाळी सर्वांनी मिळून वही उघडावी. कमावण्यासाठी पुढे पस्तीस-चाळीस वर्षे पडली आहेत. शिकण्यासाठी मोकळा असा काळ त्या मानाने फार थोडा मिळतो. तो उणा करावयाचा असेल तर कशासाठी, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे.