करवतीचा डोंगर आणि द्राक्षांचे तळघर

मागील अंकात ठेवींच्या वारसनोंदणीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांना पुढील अंकात सविस्तर उत्तर देईन. या वेळी थोडे प्रवासाविषयी, आणि त्या निमित्ताने मनात बरेच दिवस अडून राहिलेल्या एका गोष्टीविषयी लिहितो.

चिरंजीव नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून स्पेनमधील बार्सिलोना येथे असतात. गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. एका रविवारी त्यांनी मार्गदर्शकासह दिवसभराच्या सहलीची तिकिटे काढली. सकाळी मोंतसेरात पर्वतावरील मठ, दुपारी पेनेदेस भागातील मद्यनिर्मितीचा कारखाना. दुसऱ्या भागाविषयी सूनबाई आदल्या रात्री संकोचाने बोलल्या, तेव्हा सौभाग्यवतींनी थेपले आणि खाखऱ्याचे डबे भरता भरता एवढेच म्हटले, "मी बाहेर बसेन. तुमचे तुम्ही पाहा."

मोंतसेरात म्हणजे करवतीच्या दातांचा डोंगर. नाव सार्थ आहे. गोटे आणि वाळू एकजीव होऊन बनलेल्या खडकाचे उंच, गोलसर सुळके एकाला एक लागून उभे आहेत. प्रथमदर्शनी मला आपल्या मांगीतुंगीची आठवण झाली. सर्वोच्च शिखर १,२३६ मीटरचे, मठ सुमारे ७२० मीटरवर. वर जाण्यास दातेरी रुळांची आगगाडी आहे. ती १८९२ साली सुरू झाली, १९५७ मध्ये बंद पडली आणि २००३ मध्ये पुन्हा उभी राहिली. शेहेचाळीस वर्षे बंद असलेल्या प्रकल्पाला पुन्हा भांडवल देणाऱ्याचे मला, जुन्या सवयीने, कौतुक वाटले.

मठाची स्थापना १०२५ च्या सुमाराची, बेनेडिक्टाइन पंथाची. १८११-१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तो उद्ध्वस्त केला, त्यामुळे आज दिसते त्यातील बरेचसे नंतर बांधलेले आहे. मुख्य मंदिरात मातेची बाराव्या शतकातील काष्ठमूर्ती आहे. वर्ण काळा, म्हणून लोक तिला लाडाने 'मोरेनेता', म्हणजे सावळी, म्हणतात. तिच्या हातातील गोलाला स्पर्श करण्यासाठी लांबलचक रांग होती. आम्ही रांगेत न लागता मागे बसलो. दुपारी मठाच्या शाळेतील मुलांनी स्तोत्रे गायिली. ही गायक मुलांची परंपरा चौदाव्या शतकापासूनची आहे. त्या स्वरांत सौभाग्यवतींचे डोळे आपोआप मिटले. मार्गदर्शक बाईंनी आणखी एक प्रसंग सांगितला. १५२२ साली इग्नेशियस नावाच्या सरदाराने येथे आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्यास दिली, तलवार देवीपुढे ठेवली आणि रात्रभर जागरण केले. पुढे याच माणसाने जेझुइट पंथ स्थापला. आपल्याकडील दीक्षेचा वरघोडा पाहिलेल्या माणसाला हे परके वाटू नये.

बाहेर शेतकऱ्यांचे ठेले होते. विकायला ताजे चीज, मध आणि अंजीर! सौभाग्यवती हसून म्हणाल्या, "यांनी आपली अभक्ष्याची यादी वाचूनच माल मांडलेला दिसतो." आम्ही बाकावर बसून खाखरे खाल्ले.

तेथेच नातवाने विचारले, "आजोबा, हे साधू तरी वाइन पीत नसतील ना?" बाईंना मराठी कळत नव्हते. सूनबाईंनी प्रश्न इंग्रजीत सांगितला. उत्तर मनोरंजक होते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जे नियम केले, त्यांत मद्य साधूंना शोभत नाही असे मान्य केले आहे. परंतु आजकालच्या साधूंना हे पटवणे शक्य नाही, तेव्हा निदान मर्यादा असावी, म्हणून रोजचे एक माप ठरवून दिले. मला हे वाचन-ऐकण्यापुरते राहिले नाही. शक्य नाही म्हणून माप ठरवून देणे, हे माझ्या नोकरीतले नेहमीचे काम होते.

दुपारचा कारखाना 'कावा' नावाच्या फसफसत्या वाइनचा. सौभाग्यवती बाहेर पाइनच्या झाडाखाली नवकारवाली घेऊन बसल्या. मी आत गेलो. का गेलो, ते पुढे सांगतो.

तळघर थंड आणि अंधारे होते. हजारो बाटल्या आडव्या रचलेल्या. वाइन बाटलीत भरून त्यात साखर आणि यीस्ट घालतात. बाटलीतच पुन्हा आंबवण होते, वायू कोंडतो. यीस्ट मरून तळाशी गाळ होतो आणि त्या गाळासहच बाटली किमान नऊ महिने ठेवतात. मग हळूहळू फिरवून गाळ मानेशी आणतात, मान गोठवून तो बाहेर फेकतात. बाई उत्साहाने म्हणाल्या, हे यीस्ट जिवंत असते, त्याच्या मरणातूनच चव येते. लहानपणापासून मद्यत्यागाचे कारण मी नशा एवढेच समजत आलो होतो. 'असंख्य जीव' हा शब्द पाठ होता, अर्थ त्या तळघरात कळला.

आता आत जाण्याचे कारण. माझा पुतण्या पिंपळगावकडे द्राक्षांचा व्यापार करतो. एका वाइन कारखान्यात भागीदारीचा प्रस्ताव त्याला आला आहे आणि चार महिन्यांपासून तो विचारतो आहे, "काका, तुम्ही काय म्हणता?" पंधरा कर्मादानांतील रसवाणिज्य मला ठाऊक आहे. तरी मी उत्तर टाळत होतो, कारण २००१ साली राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यानंतर अशाच एका कारखान्याच्या कर्जप्रस्तावावर अनुकूल शिफारस मी स्वतः लिहिली होती. कागद चोख होते. कर्ज वेळेत फिटले, माझी वाहवा झाली. घरी मी हे कोणालाच सांगितले नाही, पुतण्याचे वडील म्हणजे माझे थोरले बंधू, त्यांनाही नाही. ज्याने दुसऱ्याला त्या धंद्यासाठी पैसे दिले, त्याने घरच्या मुलाला कोणत्या तोंडाने अडवावे?

चाखण्याच्या टेबलावर सर्वांपुढे पेले आले, नातवापुढे द्राक्षरस. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहून आपला पेला बाजूला सरकवला. तेव्हा मी त्यांना ते कर्जाचे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, हे आईला ठाऊक आहे?"

परतीच्या बसमध्ये मी सौभाग्यवतींना सांगितले. वेलींची पाने पिवळी पडू लागली होती, खिडकीबाहेर तेच दिसत होते. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी होते तेव्हा सांगायला हवे होते."

रात्री पुतण्याला फोन केला. हिशेब आधी सांगितला. माल महिनोन्महिने तळघरात अडकतो, तोवर व्याज चालू राहते, आणि भागीदारीत तोट्याचा वाटा घरापर्यंत येतो. मग म्हटले, हे सारे नफ्याचे असते तरी माझे उत्तर नाही असेच असते, आणि हे म्हणण्याचा माझा अधिकार किती, तेही ऐक. त्याने सगळे ऐकले. "काका, विचार करतो," एवढेच म्हणाला. भागीदारीच्या कागदांवर सही करण्याची मुदत या महिनाअखेर आहे.