टाचणी काढा, मुलीला खेळू द्या

पीटीच्या तासाला कबड्डी असली की काही माता मुलीला ‘तू बाजूला बस’ असे बजावून पाठवतात. कारण स्कार्फ. भगिनींनो, धोका कापडाचा नाही, टाचणीचा आहे. पकड झाली, चारजणी अंगावर आल्या की ती गळ्याला टोचेल, नाहीतर दुसरीच्या डोळ्यात जाईल. त्या दिवशी डोक्यावरून चढवायचा, शिवलेला, घट्ट बसणारा स्कार्फ द्या. लोंबते टोक नको. बांगड्या, कानातले घरीच. नखेही कापा. २०१८च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी डोके झाकूनच अंतिम सामन्यात भारताला हरवून कबड्डीचे सुवर्णपदक नेले. (आपल्याला वाईट वाटले, ते वेगळे!) मैदानावर खडे, काचा असतील तर मात्र मुलीकरवी निरोप नको, स्वतः जाऊन सरांना भेटा.